नडगीतला रॉड: काढू की राहू दे?

लालबागहून एका ताईंचं पत्र आलंय. वय ४३. चाळीत तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला. फोर्टात एका खासगी ऑफिसात अकाउंट्सचं काम. गेल्या जुलैत नवऱ्याच्या मागे स्कूटरवर बसून घरी येताना पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही, गाडी आडवी झाली आणि उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. ऑपरेशन करून आत रॉड घातला, वर दोन आणि खाली दोन स्क्रू. आता दहा महिने झालेत. डॉक्टर म्हणतात हाड छान जुळलंय, रॉड काढायची गरज नाही. पण जिना चढताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ येते, गुडघा टेकवता येत नाही, संध्याकाळ झाली की पाय ओढला जातो. अपघातानंतर त्या लोकलमध्ये चढलेल्या नाहीत. ऑफिसने आजवर घरून काम करू दिलं, आता जूनपासून बोलावलंय. नवरा आणि सासूबाई, दोघांचं एकच म्हणणं: पावसाळ्याआधी रॉड काढून टाक, अंगात लोखंड ठेवून कोणी बरं होतं का? ताई विचारतात: "काढू का? आणि मी पहिल्यासारखी कधी होणार?"

ताई,

तुमच्या पत्रात 'रॉड' हा शब्द अकरा वेळा आलाय. 'जिना' आठ वेळा. आणि 'हे', म्हणजे तुमचे यजमान, नऊ वेळा. ही मोजायची खोड मला माझ्या घोट्याने लावली. सहा वर्षांपूर्वी मासळी बाजारातल्या ओल्या लादीवरून घसरले आणि डाव्या घोट्यात एक पट्टी आणि सात स्क्रू बसले. पलंगावर पडल्या पडल्या मी तेव्हा खिडकीचे गज, टाके, समोरच्या बिल्डिंगचे एसी, जे दिसेल ते मोजायचे.

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगते. आणि हेही सांगते की माझी पट्टी मी दीड वर्षाने काढून घेतली. तरीही तुम्हाला लगेच "काढा" म्हणणार नाही.

आधी त्या रॉडबद्दल. तुमच्या घरात सगळे असं बोलतात की रॉडने हाड जोडलं, काम झालं, आता तो काढायचा. पण रॉडने काही जोडलेलं नाही, ताई. हाड स्वतःच जुळतं. मोडल्या जागी आधी रक्त साकळतं, दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ गाठीसारखा कॉलस धरतो, मग तो महिनोन् महिने कडक होत जातो. तेवढा वेळ हाडाची टोकं सरळ रेषेत धरून ठेवणं, पाय वाकडा किंवा आखूड होऊ न देणं, एवढंच रॉडचं काम. स्लॅबखालचं सेंट्रिंग जसं. सेंट्रिंग स्लॅब घट्ट करत नाही, घट्ट होईपर्यंत धरून राहतं. फरक इतकाच, की सेंट्रिंग काढावंच लागतं आणि रॉड आत राहिला तरी बिघडत नाही.

हाड जुळायच्या आधी मात्र रॉडवर खरंच वेळेचं बंधन असतं. तार वाकवून वाकवून तुटते, तसा रॉड किंवा स्क्रूसुद्धा सततच्या भाराने थकून तुटू शकतो. म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना "कसंय?" एवढंच विचारून उठू नका. एक्स-रे पुढून आणि बाजूने असा दोन्हीकडून काढतात, त्यात हाडाच्या मिळून चार कडा दिसतात. "चारपैकी किती कडा जुळल्यात?" असं विचारा. तीन किंवा चार म्हणाले, की हाड जुळलं असं धरतात. पहिला, सहा आठवड्यांचा आणि आत्ताचा असे तिन्ही एक्स-रे खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरून बघा, आणि सासूबाईंनाही दाखवा. मला वाटतं, "लोखंड" या शब्दाची निम्मी भीती तिथेच जाईल. डोळ्यांना फट दिसत होती, ती भरलेली दिसते.

आणि ते साधं लोखंड नसतंच. एकतर टायटॅनियमचा मिश्रधातू असतो, नाहीतर शरीरात घालण्यासाठी बनवलेलं खास स्टेनलेस स्टील. पावसाळ्यात ते गंजत नाही. शरीराच्या आत बारा महिने एकच मोसम असतो, ३७ अंशांचा. पावसाळी हवेत मोडलेली जागा ठणकते हे खरं आहे, मी नाकारणार नाही. पण ज्यांच्या हाडात काहीही घातलेलं नाही, नुसतं प्लास्टर झालं होतं, ते लोकही हेच सांगतात. मग दोष धातूचाच कसा? पुढे कधी एमआरआयची वेळ आली तर आजकालचे बहुतेक रॉड त्याला आड येत नाहीत, फक्त आधी सांगायचं. विमानतळावर यंत्र कधी वाजतं, कधी नाही. वाजलं तर सीआयएसएफच्या ताईंना व्रण दाखवायचा. त्यांना ते रोजचंच आहे.

एक गंमत सांगते. हाडाच्या पोकळीत असा लांब खिळा घालायची पद्धत गेरहार्ड क्युंट्शर या जर्मन सर्जनने दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला रुजवली. पुढे जर्मनांच्या कैदेतून सुटलेले अमेरिकन सैनिक मायदेशी परतले, तेव्हा तिथले डॉक्टर त्यांच्या मांड्यांचे एक्स-रे बघून चक्रावले होते. आत हातभर खिळा आणि माणूस चालतोय! म्हणजे तुमच्या सासूबाई एकट्या नाहीत.

आता गुडघ्याची कळ. हा रॉड नडगीत शिरतो तो बहुतेक वेळा वाटीच्या खालून. तुमचाही व्रण तिथेच आहे, असं तुम्ही लिहिलंय. तिथल्या जाड कंडरेतून किंवा तिच्या कडेने वाट करून तो खाली सरकवतात. त्यामुळे नडगीच्या रॉडनंतर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखणं ही अगदी ठाऊक असलेली, पुष्कळांना होणारी तक्रार आहे, आणि गुडघा टेकताना ती सगळ्यात जास्त जाणवते. तुमच्या मनात असेल की रॉड काढला की दुखणं गेलं. काहींचं जातं, काहींचं कमी होतं, काहींचं तसंच राहतं, कारण काढतानाही त्याच वाटेने जावं लागतं. रॉडचं टोक हाडाच्या वर आलंय का, हे बाजूच्या एक्स-रेत दिसतं. तेवढं नक्की विचारा. टोक वर आलं असेल तर काढण्याला वजन येतं. आणि दुखणं घोट्याजवळच्या स्क्रूचं असेल, बोटाला तो कातडीखाली लागत असेल, तर कधी कधी नुसता तो स्क्रू काढूनही भागतं. अख्ख्या रॉडला हात लावावा लागत नाही.

माझ्या पट्टीचं असं झालं: घोट्याला मांस कमी, स्क्रूची डोकी कातडीखाली हाताला लागायची आणि चपलेचा पट्टा नेमका तिथेच घासायचा. काढल्यावर ते घासणं थांबलं, त्याच दिवसापासून. पण पावसात ठणकणं अजून आहे. खाली वाकून बसताना घोटा अडतो, तो अजून अडतो. पट्टी माझ्या बटणांच्या डब्यात आहे, नेलकटरपेक्षा थोडी लांब. तिच्यावर ज्याचा ज्याचा आळ घेतला होता त्यातली एकच गोष्ट तिने केली होती.

तेव्हा यंदाच्या पावसाळ्याआधी रॉड काढू नका. हे मी डॉक्टरांच्या वरताण होऊन सांगत नाहीये. कुठलाही सर्जन दहाव्या महिन्यात निव्वळ घरच्यांच्या आग्रहासाठी नडगीचा रॉड काढायला सहसा तयार होणार नाही. जुळलेलं हाड पुढेही वर्ष-वर्ष आतून घडत असतं, म्हणून काढायचाच झाला तरी साधारण वर्ष-दीड वर्ष जाऊ देतात. काढल्यावर स्क्रूची भोकं भरेपर्यंत काही आठवडे ते काही महिने उड्या, धावपळ, पडणं सांभाळावं लागतं. म्हणजे रिकाम्या भोकांचा पाय घेऊन तुम्ही लालबागच्या पावसात उतरणार. त्यात फायदा कोणाचा? उलट बाजूही सांगते. खूप वर्षं थांबलं तर हाड रॉडला घट्ट धरून बसतं, स्क्रूची खाच झिजते, काढणं अवघड होतं. म्हणून "कधीच नको" अशी शपथही घेऊ नका. अपघाताला दीड वर्ष झालं की, म्हणजे येत्या जानेवारीत, हा प्रश्न पुन्हा काढा. तोवर पायाचं काय झालंय, त्यावर उत्तर बदलेल.

आता जिना. माझ्या मते तुमचं खरं पत्र जिन्याबद्दलच आहे.

हाड जुळलं म्हणजे पाय बरा झाला, असं आपण धरून चालतो. एक्स-रेत स्नायू दिसत नाहीत ना. एक साधं करा. शिवणाची टेप घ्या, वाटीच्या वरच्या कडेपासून एक वीत वर खूण करा आणि दोन्ही मांड्यांचा घेर मोजा. उजवी मांडी दोन-तीन सेंटीमीटरने बारीक निघाली तर नवल नाही. मग गॅलरीच्या कठड्याला नुसती बोटं टेकवून डाव्या पायावर उभ्या राहा आणि टाच वर-खाली किती वेळा होते ते मोजा. नंतर उजव्यावर. डावा वीस आणि उजवा सहा असेल, तर संध्याकाळी पाय का ओढला जातो, हे कळायला वेगळ्या डॉक्टरची गरज नाही. तिसरं, भिंतीसमोर उभं राहून अंगठा भिंतीपासून चार बोटं मागे ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. डावा लागेल. उजवा बहुतेक अडेल, कारण घोटा आखडलाय.

या तीन मापांची वही करा. दर रविवारी एक ओळ. एक्स-रे तीन महिन्यांनी बदलतो, ही मापं तीन आठवड्यांत हलायला लागतात.

फिजिओथेरपी तुम्ही दहा वेळा करून सोडलीत. का, ते लिहिलं नाहीत. पैसे असतील, जिना असेल. पण एक विचारते, त्या फिजिओला ठाऊक होतं का की तुम्ही चाळीत राहता? त्यांच्या कागदावर ध्येय असतं 'आधाराशिवाय चालणं', आणि ते तुम्ही गाठलंत. तुमचं ध्येय उकिडवं बसता येणं हे आहे. दहा महिने संडासात प्लॅस्टिकची कमोडची खुर्ची न्यायची, धुवायची, शेजारणींच्या नजरा चुकवत परत आणायची, याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, आणि मला वाटतं पत्रातलं सगळ्यात जड वाक्य ते आहे. हे लाजून झाकून ठेवण्यासारखं नाही. फिजिओपुढे पहिलं वाक्य हेच बोला: मला उकिडवं बसायचंय, मला मांडी घालायचीय, मला तीन मजले दिवसातून दोनदा करायचेत. मग ते घोट्याच्या आखडण्यावर वेगळं काम करतील. टाचांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, खिडकीचा गज धरून अर्धं बसणं, आठवड्याआठवड्याने टॉवेल पातळ करत जाणं, असं काहीतरी. परळचं केईएम तुम्हाला चालत जाण्याजोगं आहे; केसपेपर काढून तिथल्या फिजिओथेरपी विभागात दाखवता येतं. हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था आहे, तिथे कामच या गोष्टींचं चालतं. गर्दी असते, सकाळ मोडते. पण घरच्या घरी काय करायचं ते नीट दाखवून घेतलं की रोज जावं लागत नाही.

जिन्याचा नियम तुम्हाला हॉस्पिटलात सांगितला असेलच: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पण तुम्ही अजून प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय जुळवता. हाड जुळलंय असं डॉक्टर म्हणत असतील, तर त्यांना विचारून शेवटच्या चार पायऱ्या एकेक पाय टाकत चढून बघा, कठडा धरून. पुढच्या आठवड्यात सहा. हाडाला भार पडला की ते भार पेलण्याजोगं घडतं, हे युलियस वोल्फ या जर्मन सर्जनने १८९२ मध्येच मांडलंय. भार चोरला की तेही अंग चोरतं.

इथे तुमचे 'हे' येतात. "त्यांनी स्कूटर विकली" असं तुम्ही कंसात लिहिलंत. कंसात! खड्डा पाण्याखाली होता, तो कोणालाच दिसला नसता, हे तुम्ही त्यांना एकदा तरी बोलून दाखवलंत का? ते जिन्यावर तुमचं कोपर धरतात, पाण्याची कळशी उचलू देत नाहीत, लोकलचं नाव काढलं की विषय बदलतात. तुम्ही लंगडताना दिसलात की त्यांना तो जुलै दिसत असणार. रॉड काढला की त्यांच्या हिशेबी अपघाताची शेवटची खूणही गेली. मी चुकत असेन, पण "रॉड काढ" असं ते म्हणतात तेव्हा ते त्यांच्या स्वतःच्या दुखण्यावर इलाज मागतायत असं मला वाटतं. त्यासाठी तुम्ही ऑपरेशन टेबलावर झोपायचं कारण नाही. बोला त्यांच्याशी. आणि त्यांना काम द्या: टेप धरणं, वहीत आकडे लिहिणं. जिना उतरताना त्यांनी कोपर सोडावं आणि तुमच्या पुढे दोन पायऱ्या खाली चालावं. तोल गेलाच तर माणूस खालच्या बाजूने अडवता येतो, कोपराने ओढून नाही.

लोकल. पहिल्याच दिवशी सकाळच्या गर्दीत चढायचं नाही. शनिवारी दुपारी दोनला करी रोड ते सीएसएमटी, धीम्या गाडीने, लेडीज डब्यातून. रविवार नको, मेगाब्लॉकचा भरवसा नाही. दुसऱ्या शनिवारी एकटीने. गाडीत चढताना डावा पाय आधी, दांडा धरून. उतरताना गाडी पूर्ण थांबल्यावर उजवा आधी. काठी डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या उलट्या बाजूला. आणि काठी न्याच. पायाला गरज उरली नसली तरी गर्दीला असते. काठी दिसली की बायका धक्का मारताना एकदा विचार करतात. तिच्या टोकाचा रबरी बूट मात्र तपासा. झिजून गुळगुळीत झाला असेल तर ओल्या पुलावर तीच काठी तुम्हाला पाडेल. केमिस्टकडे नवा बूट मिळतो. ऑफिसला लेखी विचारा: पहिले दोन महिने अकराची वेळ आणि आठवड्यातून दोन दिवस घरून. डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र जोडा. नाही म्हणाले तरी विचारलेलं कागदावर राहील.

खाण्याचं थोडक्यात. पायाचं सूप, नाचणी, सुकट, डाळी, अंडी, सगळं चालू द्या. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. सासूबाईंची कांडवेल, हाड जुळायला देतात ती वेल, पोटात घेत असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि हाडवैद्याकडून चोळून घेणं मात्र नको म्हणजे नको. घरात कोणी मिश्री लावत असेल, तुम्हीसुद्धा, तर ती हाडाची वैरीण आहे. तंबाखूने हाड उशिरा धरतं.

आणि हे सगळं बाजूला ठेवून लगेच डॉक्टरकडे कधी जायचं तेही सांगते. व्रणातून पू किंवा पाणी आलं, जागा लाल-गरम झाली, ताप आला. मोडल्या जागी नवी कळ सुरू झाली आणि भार टाकल्यावर वाढत गेली. पोटरी अचानक सुजून दुखायला लागली. आणि दम लागला, छातीत दुखलं, तर थेट कॅज्युअल्टी, ओपीडीच्या वेळेची वाट बघायची नाही.

पहिल्यासारखी कधी होणार, याचं उत्तर मी अजून दिलं नाही, कारण मला तो प्रश्नच नीट कळलेला नाही. पहिल्यासारखी म्हणजे व्रण नसलेली? ती होणार नाही. पहिल्यासारखी म्हणजे गौरीच्या दिवशी खाली बसून ओवसा भरणारी? त्याला अजून तीन-साडेतीन महिने आहेत, आणि टॉवेल पातळ करत गेलात तर मला आशा आहे. गुडघा टेकायला लागलाच तर खाली जाड उशी घ्या, देवी काही म्हणणार नाही.

शेवटचं एक काम आजच करा. डिस्चार्जच्या फाइलमध्ये किंवा बिलाला लहान स्टिकर चिकटवलेले असतील, बारकोडवाले. एक रॉडचा, बाकी स्क्रूंचे. कंपनी, माप, धातू, लॉट नंबर, सगळं त्यावर असतं. प्रत्येक कंपनीच्या रॉडची काढायची अवजारं वेगळी असतात, त्यामुळे उद्या, नाहीतर आठ वर्षांनी, काढायचं ठरलं तर सर्जन पहिल्यांदा तेच विचारतील. सापडले नाहीत तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करून ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागा. स्टिकरचे फोटो काढून तुमच्या आणि 'ह्यां'च्या, दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या खणात. चाळीत पावसाळ्यात कागदांचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.